रिफिफी

रिफिफी (१९५५) हा ज्युल्स डॅसिनचा फ्रेंच क्राइम सिनेमा, ब्लॅक अँड व्हाइट, पॅरिसमधल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या घरफोडीचा. पूर्ण नाव 'द्यु रिफिफी शे ले झोम', म्हणजे साधारण 'पुरुषांमधला राडा'. आधार ओग्युस्त ल ब्रतोंच्या १९५३ च्या त्याच नावाच्या कादंबरीचा.

नावावरून नेहमी घोटाळा होतो. रिफिफी म्हणजे चोरी असं बरेच जण धरून चालतात कारण सिनेमातली चोरीच लक्षात राहते, पण शब्दाचा अर्थ मारामारी, आपला 'राडा' त्याला अगदी फिट बसतो. व्युत्पत्तीबद्दल मात्र एकमत नाही. ल ब्रतोंचं म्हणणं की हा शब्द त्यानेच १९४० च्या दशकात घडवला. डॅसिनची समजूत वेगळी, उत्तर मोरोक्कोतल्या रिफ डोंगरातल्या बर्बर लोकांवरून तो आला, त्यांच्याशी १९२० च्या दशकात स्पॅनिश आणि मग फ्रेंच फौजा लढल्या होत्या, आणि कादंबरीतले खलनायक उत्तर आफ्रिकेतले असल्यामुळे असं वाटणं साहजिकच होतं. पण फ्रेंच चोरभाषेत 'रिफ' हा शब्द त्या लढाईच्या खूप आधीपासून आहे, आधी अर्थ 'आग', मग पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या तोंडी 'गोळीबार चालतो ती आघाडी', आणि तिथून भांडण. हेच मूळ जास्त पटतं, ल ब्रतोंचा दावा खरा धरला तरी त्याने जुन्या 'रिफ'ला शेपूट जोडलं इतकंच म्हणता येईल. सिनेमात हा शब्द समजावून सांगायला नाइटक्लबमधलं एक अख्खं गाणं घातलंय, मागाली नोएलच्या तोंडी.

आणि नावात राडा असलेल्या या सिनेमाचं काळीज आहे ती शांतता. घरफोडीचा प्रसंग जवळपास अर्धा तास चालतो, त्यात एक शब्द नाही, संगीत नाही. जॉर्ज ओरिकने त्यासाठी संगीत केलं होतं, डॅसिनने त्याला प्रसंग संगीतासह आणि संगीताशिवाय असा दोन्ही दाखवला आणि मग ओरिकलाही ते काढून टाकणंच पटलं. चौघे जण वरच्या मजल्यावरून जमीन फोडतात, आधी छोटंसं भोक, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडायची, मग भोक मोठं करताना पडणारा चुना-माती त्या छत्रीतच साठते, खाली फरशीवर काही आपटत नाही कारण अलार्म जराशा हादऱ्यानेही वाजतो. खाली उतरल्यावर अलार्ममध्ये आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरतात. छत्रीच्या युक्तीचं मूळ मार्सेयमधल्या १८९९ च्या एका खऱ्या चोरीत असल्याचं सांगितलं जातं. कादंबरीत ही घरफोडी थोडक्या पानांत उरकते, ती एवढी वाढवणं हा डॅसिनचा निर्णय आणि माझ्या मते सिनेमातला सगळ्यात मोठा निर्णय.

पुढचा भाग जवाहिरांच्या धंद्यातल्या जुन्या अडचणीचा, माल हातात आला तरी खपवायचा कसा. लंडनचा घेणारा ठरतो, पण तिजोरी फोडणारा सेझार एक अंगठी गुपचूप खिशात टाकून क्लबमधल्या गायिकेला देतो आणि त्या एका अंगठीवरून सगळा माग लागतो. टोळीचा म्होरक्या टोनी (जाँ सर्वे), नुकताच तुरुंगातून सुटलेला, खोकत असलेला, साथीदाराचं नाव प्रतिस्पर्धी टोळीला फोडल्याबद्दल सेझारला गोळी घालतो. सेझारचं काम डॅसिनने स्वतःच 'पेर्लो व्हिता' या नावाने केलंय. तो अमेरिकन, कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकलेला, त्यामुळे या गोळीत समीक्षक त्या काळच्या कम्युनिस्टविरोधी चौकशीत सहकाऱ्यांची नावं सांगून मोकळे झालेल्यांची आठवण वाचतात आणि ते पटण्यासारखं आहे.

कान चित्रपट महोत्सवात १९५५ मध्ये दिग्दर्शनाचं बक्षीस डॅसिनला विभागून मिळालं. काही देशांत सिनेमावर बंदीही आली, चोरांना शिकवतो म्हणून. १९६४ मध्ये 'तोपकापी'त डॅसिन पुन्हा चोरीकडे वळला, यावेळी इस्तंबूलच्या संग्रहालयातला पाचू जडवलेला खंजीर, आणि तिथेही आवाज न करता वरून दोरीने खाली उतरणारा माणूस.