नाताळ : आध्यात्मिक आशय

येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण. बहुसंख्य ख्रिस्ती मंडळ्या तो २५ डिसेंबरला पाळतात. जुने ज्यूलियन पंचांग चालवणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत हाच दिवस सध्या ७ जानेवारीला येतो, तर आर्मेनियन अपोस्टॉलिक मंडळी ख्रिस्ताचा जन्म व बाप्तिस्मा ६ जानेवारीला एकत्र साजरे करते. सणाचे बाह्य रूप सर्वपरिचित आहे. प्रस्तुत नोंदीत ख्रिस्ती श्रद्धावंताच्या अंतर्जीवनात त्याला असलेल्या अर्थाचा विचार केला आहे. त्या अर्थाचा गाभा देहधारणाच्या श्रद्धेत आहे. देवाने माणसाकडे केवळ निरोप पाठवला नाही, तो स्वतः माणूस होऊन आला, आणि तोही असहाय तान्ह्या बाळाच्या रूपाने, ही ती श्रद्धा.

नव्या करारातील आधार थोडा आहे. मार्कच्या शुभवर्तमानात जन्मकथा नाही. पौल ख्रिस्त ‘स्त्रीपासून जन्मलेला’ होता एवढेच सांगतो (गलतीकरांस ४:४). मत्तय व लूक यांच्या कथा एकमेकींहून बऱ्याच वेगळ्या आहेत. मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) व राजा हेरोदाचा कोप मत्तयाकडे, तर मेंढपाळ व गव्हाण लूककडे. योहान जन्माचा प्रसंग सांगतच नाही. ‘शब्द देही झाला’ या तीन शब्दांत त्याने सारे आणले आहे. पुढील आध्यात्मिक चिंतनाला मात्र सर्वांत जास्त पुरला तो फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील विचार. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले व दासाचे रूप घेतले, असे तेथे म्हटले आहे. गव्हाणीतले बाळ हे त्या रिक्ततेचे दृश्य रूप मानले जाते आणि दारिद्र्य, नम्रता, दुबळ्यांविषयी आस्था हे नाताळचे नैतिक आवाहन तेथूनच निघते.

या श्रद्धेची तात्त्विक मांडणी निकेया (३२५), इफिसस (४३१) व कॅल्सिडॉन (४५१) येथील धर्मसभांतून झाली. देव माणूस झाला तो माणसाने देवत्वाचा वाटेकरी व्हावे म्हणून, हा चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याचा विचार पौर्वात्य परंपरेने अधिक जपला. पश्चिमेत पापमुक्तीवरचा भर वाढत गेला. पूर्वेकडील जन्मचित्रांतही ख्रिस्ताच्या मरणाची खूण दिसते. बाळ अंधाऱ्या गुहेत असते, गव्हाण दगडी शवपेटीसारखी रंगवलेली असते आणि बाळाभोवतीच्या पट्ट्या प्रेतवस्त्राची आठवण करून देतात. जन्म आणि मरण येथे एकाच चौकटीत बसवलेले आहेत.

तिथीचा प्रश्न : आरंभीच्या दोन शतकांत हा सण असल्याचा पुरावा नाही. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या धर्मचिंतकाने तर वाढदिवस साजरे करण्यालाच आक्षेप घेतला. पवित्र शास्त्रात वाढदिवस साजरे करणारे दिसतात ते फारो आणि हेरोद यांसारखे पापी राजेच, असे तो म्हणतो. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमंट सुमारे २०० मध्ये जन्मदिवसाविषयीची वेगवेगळी मते नोंदवतो. त्यांत आजच्या गणनेने २० मे, तसेच १९ किंवा २० एप्रिल हे दिवस येतात. २५ डिसेंबर येत नाही. तिसऱ्या शतकातील लेखक हिपॉलिटस याच्या दानीएलच्या पुस्तकावरील भाष्यात ही तारीख आढळते, पण तो मजकूर मागाहून घातलेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. निःसंदिग्ध उल्लेख मिळतो तो रोममधील ३५४ च्या पंचांगसंग्रहात. त्यातील हुतात्म्यांच्या स्मरणदिनांच्या यादीत आरंभीच २५ डिसेंबरला ‘यहूदियातील बेथलेहेमात ख्रिस्ताचा जन्म’ अशी नोंद आहे. ती यादी ३३६ च्या सुमारास तयार झाली असावी.

ही तारीख का निवडली गेली, याविषयी दोन उपपत्ती प्रचलित आहेत. हेर्मान उझेनरच्या (१८८९) संशोधनामुळे रूढ झालेल्या मतानुसार, अजिंक्य सूर्याच्या रोमन उत्सवाची जागा या सणाने घेतली. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये सूर्यदेवाचे मंदिर स्थापले, हे खरे. मात्र २५ डिसेंबरच्या सूर्योत्सवाची नोंदही त्याच ३५४ च्या संग्रहात आढळते आणि त्याहून जुना स्पष्ट पुरावा हाती नाही. लुई द्युशेनने १८८९ मध्येच वेगळी उपपत्ती मांडली. ख्रिस्ताचा वधस्तंभावरील मृत्यू २५ मार्चला झाला, ही समजूत तर्तुलियन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाच्या नावावरील लेखनात आढळते. गर्भधारणाही त्याच तिथीस झाली असे मानल्यास नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडील ६ एप्रिल (मृत्यू) व ६ जानेवारी (जन्म) ही जोडीही याच गणिताने उलगडते. उपासनेच्या इतिहासाचा अभ्यासक टॉमस टॅली याने १९८६ मध्ये या मताला नवे बळ दिले. या गणिताचा स्पष्ट उच्चार उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याच्याकडे, म्हणजे सण रूढ झाल्यानंतर, मिळतो, ही त्याची कमकुवत बाजू होय. तरीही दोहोंपैकी हेच मत अधिक समाधानकारक वाटते, कारण पाळणा आणि वधस्तंभ यांची आरंभापासून दिसणारी जोड त्यातून समजते. सूर्याचे रूपक त्या काळच्या प्रवचनांत विपुल आहे. पण एखाद्या रूपकाचा वापर झाला म्हणजे सणाचा उगमच तेथे आहे, असे ठरत नाही.

स्मरण की रहस्य : नाताळच्या आध्यात्मिक अर्थाचा खरा वाद तारखेचा नाही. या दिवशी नेमके काय घडते, याचा तो वाद आहे. ऑगस्टीन सुमारे ४०० मध्ये जानुआरियस यास लिहिलेल्या पत्रात (क्र. ५५) म्हणतो की प्रभुजन्माचा दिवस संस्कार (श्रद्धावंत स्वतः ज्यात सहभागी होतो असा विधी) म्हणून पाळला जात नाही. प्रभू जन्मला याची त्या दिवशी केवळ आठवण केली जाते. पुनरुत्थानाच्या सणाचे तसे नाही, कारण त्या सणात श्रद्धावंत स्वतः मरणातून जीवनाकडे ओलांडून जातो. या मतानुसार नाताळ हा एक वार्षिक स्मरणदिन ठरतो.

त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आत पोप लिओ (कारकीर्द ४४०–४६१) याने नाताळच्या प्रवचनांत याहून पुढचे पाऊल टाकले. तो ख्रिस्तजन्माच्या ‘रहस्या’विषयी बोलतो, आणि हे रहस्य उपासनेत ‘आज’ उपस्थित होते असे मानतो. त्याच्या सव्विसाव्या प्रवचनातील युक्तिवाद असा : मंडळी हे ख्रिस्ताचे शरीर व ख्रिस्त तिचे मस्तक, तेव्हा मस्तकाचा जन्मदिवस तोच शरीराचाही जन्मदिवस. तारणाऱ्याच्या जन्माला वंदन करताना आपण आपलाच आरंभ साजरा करीत असतो. ‘हे ख्रिस्ती माणसा, आपली थोरवी ओळख’ हे त्याचे प्रसिद्ध उद्गार याच मालिकेतील आहेत.

विसाव्या शतकात जर्मनीतील मारिया लाख मठाचा संन्यासी ओडो कासेल याने उपासनेतील रहस्याच्या उपस्थितीचा विचार नव्याने मांडला व लिओची ही प्रवचने पुन्हा चर्चेत आली. ऑगस्टीन आणि लिओ यांतील अंतर मात्र वाटते तितके मोठे नसावे. ऑगस्टीनचीच नाताळची प्रवचने पाहिली (उदा., १८५ वे), तर तेथे ‘जागा हो, माणसा, तुझ्यासाठी देव माणूस झाला’ अशी थेट साद आहे. पत्र एका शंकेचे काटेकोर उत्तर देते, तर प्रवचन समोरच्या माणसाला गाठू पाहते. श्रद्धावंताचा अनुभव प्रवचनाच्या बाजूचा आहे, असे म्हणावे लागते. नाताळच्या उपासनेस आलेला माणूस जुनी घटना आठवायला येत नाही. देव माझ्याकडे आला आहे का, हा त्याचा प्रश्न असतो.

आत्म्यातील जन्म : रोमन परंपरेत नाताळच्या मध्यरात्री, पहाटे व दिवसा अशा तीन मिस्सा (प्रभुभोजनाच्या उपासना) होतात. त्यांचा उगम रोममधील वेगवेगळ्या चर्चमधील उपासनांत आहे. परंतु मध्ययुगात त्यांना पित्यापासूनचा सनातन जन्म, श्रद्धावंताच्या अंतःकरणातील जन्म व मरियेपासूनचा जन्म असे अर्थ जोडले गेले. माइस्टर एक्हार्ट (सु. १२६०–१३२८) व योहानेस टाउलर या जर्मन गूढवाद्यांनी त्यांतील अंतःकरणातल्या जन्मावर सारा भर दिला. मन शांत व रिते झाल्यावाचून तो जन्म होत नाही, ही त्यांची शिकवण. बेथलेहेमात ख्रिस्त हजारदा जन्मला, पण तुझ्यात नाही, तर तू हरवलेलाच राहशील, या आशयाचे आंगेलुस सिलेझियुस या जर्मन कवीचे सतराव्या शतकातील द्विपद याच परंपरेतले.

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे गवत, गव्हाण, बैल व गाढव आणवून मध्यरात्रीची उपासना करवली. चेलानोचा टॉमस हा त्याचा चरित्रकार सांगतो की तेथील एका माणसाला गव्हाणीत निश्चेष्ट पडलेले बाळ दिसले आणि फ्रान्सिसने जवळ जाताच ते जागे झाले. अनेकांच्या हृदयांत विसरला गेलेला बाळ येशू असा जागा झाला, असा अर्थही टॉमसने लावला आहे. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात हीच गोष्ट शिस्तीने बसवली. साधकाने नासरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट किती लांब, सपाट की चढउताराची, गुहा किती उंच किंवा ठेंगणी, हे मनात पाहावे आणि स्वतः तेथे एक दरिद्री, अपात्र सेवक म्हणून हजर राहावे.

प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मेंढपाळांना वार्ता देणाऱ्या देवदूताच्या ‘तुमच्यासाठी’ या शब्दावर बोट ठेवले. ख्रिस्त जन्मला हे मान्य करणे पुरेसे नाही. तो माझ्यासाठी जन्मला, असा विश्वास हवा. याउलट प्युरिटन या कडव्या इंग्रज प्रोटेस्टंट पंथीयांनी शास्त्राधार नसल्याने सणच नाकारला. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये तो रद्द केला. मॅसॅचुसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात तो पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. क्वेकर या ठरावीक विधी न मानणाऱ्या प्रोटेस्टंट परंपरेतही विशेष सण न पाळण्याकडे कल राहिला, कारण ख्रिस्ताचे येणे कोणत्याही एका दिवसाला बांधलेले नाही, ही त्यांची धारणा.

उपासनाविधीत आनंदाला गांभीर्याची जोड असते. नाताळपूर्वीचा चार रविवारांचा आगमनकाळ हा प्रतीक्षेचा व आत्मपरीक्षणाचा. पौर्वात्य परंपरेत त्याजागी चाळीस दिवसांचा उपवास असतो. रोमन विधीत एरवी विश्वासांगीकारातील (श्रद्धेच्या ठरलेल्या घोषणेतील) देहधारणाच्या शब्दांना मान लववतात, नाताळला मात्र सारे गुडघे टेकतात. लगेच २६ डिसेंबरला पहिला हुतात्मा स्तेफन व २८ ला हेरोदाने मारलेली निष्पाप बालके यांचे स्मरण येते.

सामान्य श्रद्धावंतांच्या अनुभवाची लेखी साधने विरळ आहेत. जी आहेत, त्यांत १८८६ च्या नाताळच्या दोन साक्षी लक्षणीय ठरतात. फ्रान्समधील लिझ्यू येथील तेरेजा, वय तेरा, मध्यरात्रीच्या मिस्सेहून घरी परतली असता वडिलांच्या एका त्रासिक वाक्याने दुखावली, पण अश्रू आवरून आनंदाने खाली गेली. पुढे तिने या रात्रीला आपले संपूर्ण परिवर्तन म्हटले. त्याच दिवशी दुपारनंतर पॅरिसच्या नोत्र दाममध्ये अठरा वर्षांचा पॉल क्लोदेल, तोवर अश्रद्ध, मरियेचे स्तोत्र ऐकत उभा असताना एका क्षणात श्रद्धावंत झाला. तो कवी, ती पुढे मठवासिनी. पैकी तेरेजेचा प्रसंग इतका घरगुती आहे की तिने स्वतः लिहिला नसता, तर कोणाच्या ध्यानातही आला नसता.