मुक्तस्रोत सॉफ्टवेअर परिषद, नागपूर : आयोजन आणि प्रसार

मुक्तस्रोत म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअर; त्याचा कोड कोणीही पाहू, बदलू आणि वाटू शकतो. असे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, वापरणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि मराठीत आणणाऱ्या लोकांनी स्वतःच भरवलेली एक-दोन दिवसांची परिषद म्हणजे मुक्तस्रोत परिषद. भाषणे, कार्यशाळा आणि मोकळ्या गप्पा हे तिचे नेहमीचे स्वरूप. कंपनीच्या मेळाव्यात वक्ते कंपनी ठरवते. इथे ते जाहीर आवाहनातून निवडले जातात, राबणारे हात स्वयंसेवकांचे असतात आणि जमाखर्च सर्वांपुढे ठेवला जातो. यातला जमाखर्च झाकला गेला की पुढच्या वर्षी स्वयंसेवकही मिळत नाहीत.

नागपुरातली परिषद फक्त नागपूरकरांसाठी नसते, हे आयोजनाच्या पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे लागते. वर्धा, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या आणि तंत्रनिकेतनांतल्या मुलामुलींना सोयीचे मोठे शहर हेच. पुण्या-मुंबईची परिषद म्हणजे त्यांच्यासाठी रात्रभराचा प्रवास, राहण्याचा खर्च आणि घरच्यांची परवानगी. त्यामुळे तारीख, वेळापत्रक, भाषा आणि प्रसार या सगळ्यांचा विचार संध्याकाळी परतीची गाडी पकडणाऱ्या माणसापासून सुरू झाला तरच ही परिषद विदर्भाची होते.

पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सर्वांसाठी मोकळी संगणक प्रणाली बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, लोकांपुढे आणले आणि ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ पासून रुळले. वेगवेगळ्या देशांत बसून एकाच प्रकल्पावर काम करणाऱ्यांना समोरासमोर भेटण्याची निकड वाटू लागली, त्यातून परिषदा उभ्या राहिल्या. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीच्या प्रकल्पाची डेबकॉन्फ २००० पासून भरते. २०२३ साली ती कोचीला झाली. ब्रुसेल्सच्या फॉसडेम परिषदेला हजारो लोक येतात आणि तिथे ना तिकीट लागते, ना नोंदणी. भारतात ‘लिनक्स बंगलोर’ २००१ मध्ये सुरू झाली आणि पुढे ‘फॉस डॉट इन’ नावाने गाजली. पायथॉन या संगणकभाषेची पायकॉन इंडिया २००९ पासून भरते. २०११ मध्ये पायकॉन इंडिया आणि फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची फडकॉन या दोन्ही पुण्यात झाल्या.

तारीख

नागपूरचे कॅलेंडर समोर ठेवले की मोकळे शनिवार-रविवार थोडेच उरतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बाहेरगावच्यांना बोलावू नये. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो अनुयायी दीक्षाभूमीवर येतात. गाड्या आणि लॉज भरलेले असतात. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते. त्या काळात हॉटेले मिळत नाहीत आणि मोर्च्यांमुळे सीताबर्डीकडचे रस्ते बंद होतात. पोळा, मारबत, गणपती, दिवाळी ही तर ठरलेली.

यावर परीक्षा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी आणि हिवाळी परीक्षा, स्वायत्त महाविद्यालयांचे वेगळे वेळापत्रक, व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचे आणखी वेगळे. अमरावती आणि गोंडवाना विद्यापीठांतून मुले यायची असतील तर त्यांच्याही तारखा पाहाव्या लागतात. छापील वेळापत्रकावर विसंबू नये, परीक्षा पुढेमागे होतात. चार-पाच महाविद्यालयांच्या परीक्षा विभागांत फोन करून विचारावे. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ बहुधा बरा ठरतो. हवा चांगली असते, हुर्ड्याचे दिवस असतात आणि संत्र्याचा मृग बहार बाजारात येऊ लागलेला असतो. पाहुण्यांना नागपूर दाखवायला याहून चांगला काळ नाही.

जागा

महाविद्यालयाचे सभागृह घ्यावे की सार्वजनिक, हा पहिला मोठा निर्णय. महाविद्यालयात प्रयोगशाळा, इंटरनेट, जनरेटर आणि खुर्च्या एका छताखाली मिळतात, भाडेही बहुधा माफ होते. त्या बदल्यात संस्थेला मंचावर मान हवा असतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत आणि आभारप्रदर्शन यांत सकाळचा तास-दीड तास सहज जातो, आणि गोंदियाहून पहाटे निघालेली मुलगी तोवर एकही भाषण न ऐकता बसून राहते. हे प्राचार्यांशी आधीच आदराने बोलून घ्यावे. उद्घाटन वीस मिनिटांचे ठेवून संस्थेच्या एखाद्या प्राध्यापकांना खरोखरचे भाषण द्यावे, हा तोडगा बहुतेकांना पटतो. संस्थेचा मान राहतो आणि कार्यक्रमालाही वजन येते.

सार्वजनिक जागांत सिव्हिल लाइन्समधले वसंतराव देशपांडे सभागृह आणि चिटणवीस सेंटर शहराच्या मध्यात आहेत. रेशीमबागेतले सुरेश भट सभागृह अशा परिषदेला फार मोठे पडते. अर्धे रिकामे सभागृह वक्त्याचा उत्साह घालवते. वारंग्याची ट्रिपल आयटी (माहिती तंत्रज्ञान संस्था) किंवा हिंगणा भागातली महाविद्यालये सोयींनी चांगली, पण रेल्वे स्थानकापासून लांब, तेव्हा बस ठेवावीच लागते. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकत्र येतात, त्यामुळे मेट्रोजवळची जागा मिळाली तर अर्धी चिंता मिटते.

वेळापत्रक परतीच्या गाडीवरून मागे मोजत आखतात. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी वर्धा, बडनेरा, अकोल्याकडे जाते. गणेशपेठ स्थानकातून एसटी सुटतात. म्हणून महत्त्वाचे भाषण शेवटी ठेवू नये. ते दुपारच्या जेवणाआधी यावे आणि चारनंतर ज्यांना थांबता येते त्यांच्यासाठी मोकळ्या गप्पा असाव्यात.

पैसा

खर्चाची मोठी खाती जेवण, टी-शर्ट, चित्रीकरण आणि वक्त्यांचा प्रवास. प्रायोजक कंपनी पैसे देण्याआधी पॅन, बँक खाते आणि जीएसटीचे बिल मागते, टीडीएस कापते आणि कितीदा तरी परिषद झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी रक्कम पाठवते. चार मित्रांच्या गटाला हे जमत नाही. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेणे तर टाळलेच पाहिजे; त्यात कर त्याच्या माथी येतो आणि संशयही. नोंदणीकृत संस्थेने आर्थिक यजमान व्हावे, म्हणजे परिषदेचे पैसे आपल्या खात्यात घ्यावेत आणि हिशेब ठेवावा, हा सरळ मार्ग. परदेशी प्रतिष्ठानाकडून मदत येणार असेल तर परदेशी अंशदान कायदा, म्हणजे एफसीआरए २०१०, आडवा येतो. सनदी लेखापालाचा सल्ला घेतल्याशिवाय असा पैसा स्वीकारू नये.

प्रायोजकाला स्टॉल द्यावा, फलकावर नाव द्यावे. व्यासपीठावरचे भाषण विकू नये. एकदा ते विकले की जाहीर आवाहनाला अर्थ उरत नाही. नाश्त्याला तर्री पोहे, म्हणजे झणझणीत रश्श्यासह पोहे, असले की बाहेरचे पाहुणे खूश होतात, पण तर्री वेगळ्या भांड्यात ठेवावी. सगळ्यांना ती सोसत नाही.

वक्ते आणि विषय

प्रस्ताव मागवण्याचे आवाहन परिषदेच्या चार-पाच महिने आधी काढतात. निवड समितीने पहिल्या फेरीत नावे झाकून प्रस्ताव वाचावेत. नावे दिसली की मोठ्या कंपनीतल्या माणसाकडे झुकते माप जाते आणि पुसदच्या विद्यार्थ्याचा नेमका, चांगला प्रस्ताव खाली सरकतो. पहिल्यांदा बोलणाऱ्याला एखादा अनुभवी साथीदार जोडून द्यावा आणि जित्सी या व्हिडिओ कॉलच्या साधनावर एक तालीम घ्यावी. नकार कळवताना दोन ओळींचे कारण लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्या दोन ओळींमुळे माणूस पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव पाठवतो.

विषयांसाठी नागपूरला बाहेर पाहण्याची गरज नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, नीरी म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र या सगळ्यांची मुख्यालये इथे आहेत. नकाशे, मातीची वर्गवारी आणि प्रयोगांची सांख्यिकी यांसाठी लागणारी क्यूजीआयएस, आर, पायथॉन ही साधने मुक्तस्रोतच आहेत. मृदाशास्त्रज्ञ आणि संगणकाची मुले एका खोलीत बसली तर दोघांनाही कामाचे प्रश्न मिळतात. हा मेळ पुण्या-बंगळूरला इतक्या सहज जुळत नाही.

मराठीचे काम हा दुसरा हक्काचा विषय. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्सची मराठी आवृत्ती, मराठी विकिपीडिया, छापील पानावरची अक्षरे ओळखणाऱ्या टेसरॅक्टची मराठी अक्षरओळख, ‘एक टाइप’ या टंक बनवणाऱ्या गटाचा, कोणालाही वापरता-बदलता येणाऱ्या मुक्त परवान्यातला ‘मुक्त’ टंक, आयआयटी मुंबईची मराठीतली स्पोकन ट्युटोरियल्स या सगळ्यांना माणसे हवी आहेत. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाजसंग्रहात मराठी आवाज देता येतो. वऱ्हाडी आणि झाडीबोली बोलणाऱ्यांनी आपल्या उच्चारात वाक्ये वाचून दिली, तर पुढे आवाज ओळखणारी यंत्रे विदर्भाच्या माणसाचे बोलणेही समजू शकतील. ज्याला कोडचा गंधही नाही, अशा माणसालाही हे करता येते.

प्रसार

नागपुरात परिषद माणसांकडून माणसांकडे पोचते. सुंदर पोस्टर करून ते समाजमाध्यमांवर टाकले की ते आधीच माहीत असलेल्यांनाच दिसते. यवतमाळच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गापर्यंत ते पोचायचे असेल तर तिथले विभागप्रमुख, एक उत्साही प्राध्यापक आणि वर्गप्रतिनिधी अशी साखळी लागते. त्यासाठी दोन स्वयंसेवकांनी एकदा तिथे जाऊन तासभराचे सत्र घ्यावे. त्या सत्रात परिषदेची जाहिरात दहा मिनिटे, बाकी वेळ गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन) किंवा लिनक्स शिकवणे. ज्यांनी काही शिकवले, त्यांच्या बोलावण्याला मुले येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवायचा मजकूर आयोजकांनीच लिहून द्यावा, नाहीतर जो तो आपल्या मनाने लिहितो आणि तारीख चुकते. तो साधारण असा असावा :

‘शनिवार-रविवार, सकाळी साडेनऊ. सीताबर्डी मेट्रोपासून चालत दहा मिनिटे. लिनक्स, पायथॉन, नकाशे आणि मराठी सॉफ्टवेअर यांवर भाषणे व कार्यशाळा, मराठी-हिंदी-इंग्रजी जमेल त्या भाषेत. लॅपटॉप नसला तरी या. जेवण आहे. मुलींच्या मुक्कामाची सोय आहे. मुख्य कार्यक्रम चारला संपतो, संध्याकाळची गाडी मिळते. महाविद्यालयाला किंवा घरी दाखवायला पत्र हवे असेल तर कळवा.’

यातले शेवटचे वाक्य लहान वाटते, पण बाहेरगावच्या अनेक मुलींचे येणे त्या पत्रावर अवलंबून असते. लेटरहेडवरचे, दोन महिला स्वयंसेवकांचे फोन क्रमांक असलेले पत्र वडिलांना जितके आश्वस्त करते, तितके पोस्टर करत नाही. परिषदेची आचारसंहिताही त्यासोबत द्यावी आणि तक्रार कोणाकडे करायची ते स्पष्ट लिहावे.

वर्तमानपत्रांना मराठीत दीडशे शब्दांची प्रेसनोट आणि एक स्वच्छ छायाचित्र दिले की ‘लोकमत’, ‘तरुण भारत’ यांच्या शहर पानांवर जागा मिळू शकते. इंग्रजीसाठी ‘हितवाद’ आहे. प्राध्यापक आणि पालक अजूनही तिथेच वाचतात. ‘प्रमाणपत्र मिळेल’ हे मात्र जाहिरातीच्या डोक्यावर लिहू नये. प्रमाणपत्रासाठी आलेली गर्दी जेवणानंतर दिसत नाही. नोंदणी अगदी फुकट ठेवली तर नाव नोंदवून न येणाऱ्यांमुळे जेवण वाया जाते, म्हणून नाममात्र शुल्क घ्यावे आणि ज्यांना तेही जड आहे त्यांना न विचारता माफ करावे. प्रीटिक्ससारखी नोंदणीची साधने मुक्तस्रोत आहेत. अशा परिषदेने तीच वापरावीत.

कार्यशाळेची तयारी

सर्वात जास्त फजिती होते ती इंटरनेटची. साठ जणांनी एकाच वेळी तीच पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, उतरवायला घेतली की सभागृहाचे वायफाय बसते. त्यावर उपाय सोपा आहे. एका लॅपटॉपवर पॅकेजे साठवून ठेवणारे अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी चालवले की एकदा उतरलेले पॅकेज बाकीच्यांना स्थानिक जाळ्यातूनच मिळते; शिवाय डेबियन किंवा उबुंटूच्या प्रतिमा भरलेले दहा-बारा पेनड्राइव्ह टेबलावर ठेवावेत. दुसरी अडचण महाविद्यालयाच्या फायरवॉलची, म्हणजे जाळ्यावरची ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्याची. तिथे पोर्ट २२ हे जाळ्याचे दार बहुधा बंद असते, त्यामुळे एसएसएच या सुरक्षित जोडणीने गिट पुश होत नाही, म्हणजे आपला कोड वर पाठवता येत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटते आपलेच काही चुकले. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर हेच काम पोर्ट ४४३ वरून करता येते. तशी सेटिंग छापून प्रत्येक टेबलावर ठेवावी. आदल्या संध्याकाळी त्याच खोलीत, त्याच जाळ्यावर एकदा सगळे करून पाहावे.

‘पहिले योगदान’ या कार्यशाळेत काय शिकवायचे याचाही विचार हवा. ऑक्टोबरभर मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावण्याच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी लोकांनी प्रकल्पाची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलीत एखादा शब्द घुसवून ढीगभर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंत्या, पाठवल्या, प्रकल्प सांभाळणारे हैराण झाले आणि आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलून सहभाग प्रकल्पाच्या संमतीवर ठेवावा लागला. त्यापेक्षा एका प्रकल्पाच्या देखभालकर्त्याशी आधी बोलून खऱ्या, छोट्या चुका निवडून घ्याव्यात. दिवसभरात पाच जणांची पाचच कामे स्वीकारली गेली तरी ती त्यांची स्वतःची असतात.

परिषदेनंतर

भाषणांची चित्रफीत पंधरा दिवसांत, मुक्त परवान्याखाली आणि शक्यतो मराठी वर्णनासह इंटरनेटवर जावी. चित्रीकरणाला ओबीएस हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुरते. आवाज मात्र कॅमेऱ्याचा न घेता थेट माइकवरून घ्यावा. जमाखर्च केटररच्या बिलापर्यंत सविस्तर मांडावा. पुढच्याच महिन्यात, त्याच शहरात एक लहान मीटअप ठरलेला असावा आणि त्याची तारीख समारोपाच्या वेळीच जाहीर करावी. अंतिम वर्षाची मुले जूनमध्ये नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला जातात, त्यामुळे डोमेनचे नूतनीकरण, ईमेलचे पासवर्ड, मंडपवाल्याचा आणि छपाईवाल्याचा क्रमांक, महाविद्यालयाशी झालेला पत्रव्यवहार हे सगळे मे महिन्याच्या आत दुसऱ्या वर्षाच्या दोघा-तिघांच्या हाती लेखी सोपवतात.