खटला चालू, मालिकाही चालू

३१ ऑगस्ट २०२० ला रात्री साडेदहा वाजता ‘देवमाणूस’चा पहिला भाग दिसला, तेव्हा ज्या प्रकरणावर ती बेतलेली होती त्याचा खटला साताऱ्याच्या न्यायालयात संपलेला नव्हता. मालिकेतलं गाव कातळवाडी. खरं प्रकरण वाई तालुक्यातल्या धोमचं. २०१६ च्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या कामात असलेली एक बाई बेपत्ता झाली, तिचा माग काढत पोलीस डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसापर्यंत पोचले आणि त्याच्या फार्महाऊसच्या आवारातून मानवी अवशेष खणून काढले गेले. पोलिसांचं म्हणणं असं की २००३ पासून त्याने सहा जणांचा जीव घेतला. त्याच्याबरोबर काम करणारी परिचारिका माफीची साक्षीदार झाली. म्हणजे साक्षी व्हायच्या होत्या, उलटतपासणी व्हायची होती, आणि त्याच जिल्ह्यात, रोज रात्री जेवणं आटोपल्यावर, घराघरांत निकाल लागत होता.

मालिका चांगली होती की वाईट, हा इथे मुद्दा नाही. प्रश्न असा की असं करता येतं हे कधी आणि कुणी ठरवलं.

खऱ्या गुन्ह्यावरची गोष्ट आपल्याकडे जुनीच. पुण्यातल्या १९७६-७७ च्या हत्याकांडावर चित्रपट निघाला तो १९८६ मध्ये, आरोपींना येरवड्यात फाशी होऊन तीन वर्षं झाल्यावर. तेव्हा मध्ये एवढं अंतर असायचं. दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर ‘एक शून्य शून्य’ लागायची, तिच्या कथा मुंबई पोलिसांकडच्या प्रकरणांतून यायच्या. त्या मालिकेने एक वळण पाडलं आणि ते आजही मोडलेलं नाही. गोष्ट पोलिसांच्या फायलीतून येते, म्हणून ती पोलिसांच्या फायलीबरोबरच संपते. बेड्या पडल्या की पाट्या वर सरकू लागतात. पुढे दहा-बारा वर्षं चालणारा खटला, फिरलेले साक्षीदार, वरच्या कोर्टात झालेली निर्दोष सुटका हे सगळं फायलीच्या बाहेरचं, म्हणून मालिकेच्याही बाहेरचं. १९९८ मध्ये एका खासगी वाहिनीवर फरार आरोपींची प्रकरणं नाट्यरूपात दाखवून प्रेक्षकांकडून माहिती मागवणारा कार्यक्रम आला, २००३ मध्ये ‘क्राइम पेट्रोल’ आलं, २०१२ नंतर तर अशा कार्यक्रमांची रांगच लागली. अंतर कमी होत गेलं. वर्षांवरून महिन्यांवर आलं.

कायद्यात या सगळ्याला आधार मिळाला तो मद्रासकडच्या एका प्रकरणातून. सहा खुनांसाठी फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं होतं. बड्या अधिकाऱ्यांशी आपले लागेबांधे होते असा त्यात दावा होता. एका तमिळ साप्ताहिकाने ते छापायचं ठरवलं आणि तुरुंग प्रशासनाने छापू नका म्हणून पत्र धाडलं. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर १९९४ ला निकाल दिला: न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींत जे आहे ते छापायला त्या माणसाची परवानगी लागत नाही, आणि सरकारला किंवा अधिकाऱ्यांना छपाईच्या आधीच ते अडवता येत नाही. नोंदींपलीकडे गेलात तर मात्र त्याच्या खासगीपणात शिरल्याबद्दल उत्तरदायी राहाल. अपवाद एक ठेवला. लैंगिक अत्याचार, अपहरण अशा गुन्ह्यांतल्या पीडित स्त्रीचं नाव मिरवायचं नाही. हा निकाल एका छापील लेखमालेपुरता होता, पण पुढच्या तीस वर्षांत निर्मात्यांच्या वकिलांनी सर्वांत जास्त पुढे केला तो हाच. २०१९ मध्ये खुद्द ऑटो शंकरवर तमिळ वेब सिरीज आली.

या निकालात शिक्षा झालेला माणूस आहे, पीडिता आहे, सरकार आहे. ज्याचा खटला अजून संपायचा आहे तो कुठे बसतो, हे त्यातून थेट समजत नाही.

तो प्रश्न २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ जानेवारी अखेरीस लागायचा होता. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाचा निकाल बाकी होता आणि चित्रपटात आरोपी खऱ्या नावांनी गुन्हा करताना दिसत होते. आरोपी न्यायालयात गेले आणि प्रदर्शन थांबलं. ज्या पुस्तकावर चित्रपट होता ते २००२ पासून दुकानांत विकलं जात होतं, हे कुणी नाकारत नव्हतं. तरीही पडद्यावरचं चित्र वेगळं, असं न्यायालयाने धरलं. टाडा न्यायालयाचे निकाल लागायला लागले तेव्हा कुठे, ९ फेब्रुवारी २००७ ला, तो लोकांसमोर आला.

या स्थगितीवर टीका भरपूर झाली. तिचा गाभा असा: आपल्याकडे ज्युरी, म्हणजे निवाडा देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, नाही. नानावटी खून खटल्यात आरोपीला निर्दोष ठरवणाऱ्या ज्युरीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्युरीला जागाच उरली नाही. निवाडा करायचा तो शिकलेल्या, सरावलेल्या न्यायाधीशाने. तो काय चित्रपट पाहून मत बनवणार? युक्तिवाद बिनतोड वाटतो. मला तो अपुरा वाटतो, कारण खटला न्यायाधीशाच्या डोक्यात सुरू होत नाही, साक्षीदाराच्या आठवणीत सुरू होतो. चार वर्षांपूर्वी संध्याकाळी रस्त्यावर कोण दिसलं होतं, गाडी कुठल्या रंगाची होती, हे सांगणारा माणूस गावात राहतो आणि रात्री टीव्ही पाहतो. पडद्यावरची गाडी पांढरी असेल तर त्याची गाडीही हळूहळू पांढरी होते. बचावाच्या वकिलाला पहिला प्रश्न आयताच मिळतो: तुम्ही ती मालिका बघता का? त्यात आरोपीचंच नुकसान होतं असं नाही. खरं बोलणाऱ्या साक्षीदाराचीही साक्ष त्या एका प्रश्नाने डागाळते, आणि नुकसान होतं ते मेलेल्या माणसाच्या घरच्यांचं.

आता २०२१ कडे येऊ, कारण सगळा गुंता तिथे आहे आणि त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही.

२०२० मध्ये एका तरुण हिंदी अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वृत्तवाहिन्यांनी तपास चालू असतानाच जे वार्तांकन केलं त्याविरुद्ध माजी पोलीस अधिकाऱ्यांसह काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १८ जानेवारी २०२१ ला निकाल लागला. तोवर कायद्यात एक फट होती. न्यायालयाच्या अवमानाच्या १९७१ च्या कायद्यात फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ धरलं जातं ते साधारणपणे आरोपपत्र दाखल झाल्यापासून. अटक आणि आरोपपत्र यांच्यामधले साठ-नव्वद दिवस, म्हणजे प्रकरण जेव्हा सर्वांत तापलेलं असतं तोच काळ, अवमानाच्या कारवाईपासून मोकळा. विधी आयोगाने २००६ च्या आपल्या २०० व्या अहवालात ही रेघ अटकेपर्यंत मागे ओढायला सांगितलं होतं, पण कायदा बदलला नाही. २०२१ च्या निकालाने निदान एवढं सांगितलं की तपास चालू असतानाचं वार्तांकनही न्यायदानात अडथळा ठरू शकतं, आणि काय टाळायचं याची यादीच दिली.

त्या यादीतल्या दोन गोष्टी पाहा. एक: आरोपीने पोलिसांसमोर दिलेला कथित कबुलीजबाब असा दाखवायचा नाही की जणू तो पुरावाच आहे. दोन: गुन्ह्याच्या जागेची पुनर्निर्मिती करून आरोपीने तो कसा केला हे रंगवायचं नाही.

या दोन गोष्टी काढल्या तर सत्य गुन्ह्यावरच्या मालिकेत उरतं काय? पोलीस कोठडीतला कबुलीजबाब हा तर अशा प्रत्येक भागाचा कळस. खुर्चीवर बसलेला आरोपी, टेबलावर थापटलेला हात, मग डोकं खाली घालून ‘हो, मीच’ आणि लगेच सगळा खून फ्लॅशबॅकमध्ये. पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमापासून ठरलेलं आहे, आणि ती मारून-मुटकून घेतली जाते या अनुभवातूनच ठरलेलं आहे. कायदा जे दारातच अडवतो ते मालिका मखरात बसवते. तीस-चाळीस वर्षं हेच पाहिलेला प्रेक्षक आरोपी सुटला की न्यायाधीशाला दोष देतो, कारण त्याने तर कबुली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते.

पण यादी होती वृत्तवाहिन्यांसाठी. मालिकांचा प्रश्न त्या याचिकांमध्ये नव्हता, त्यामुळे त्यांना ती लागू होते का, हे कुणी विचारलंच नाही. निकाल लागला त्या संध्याकाळीही, त्याच उच्च न्यायालयाच्या हद्दीत, ‘देवमाणूस’चा भाग ठरल्या वेळी लागला. नाव बदललेलं, गाव बदललेलं, कथानकात काल्पनिक पात्रांची भर, आणि सुरुवातीला काल्पनिकतेची पाटी. तीच माहिती अँकरने सांगितली तर मीडिया ट्रायल, नटाने सांगितली तर करमणूक. मला ही विभागणी पटत नाही. पाटी काही सेकंद राहते, प्रकरण कोणतं हे मात्र पहिल्या भागाच्या आधीच सगळ्यांना कळलेलं असतं आणि प्रेक्षक येतो तोही त्यामुळेच. नाव बदलल्याने बदनामीच्या दाव्यातून सुटका होत असेल, साक्षीदाराच्या आठवणीवर त्याचा काय उपयोग?

त्यानंतर बाजू फिरल्या. जून २०२३ मध्ये मुंबईतल्या एका गुन्हेवार्ताहराच्या खुनावरची वेब सिरीज आली. ती पोलिसांच्या फायलीवर नव्हती, त्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या महिला पत्रकाराच्या आठवणींवर होती. शिक्षा भोगणारा एक गुंड ती थांबवावी म्हणून उच्च न्यायालयात गेला. मालिका आधीच प्रदर्शित झाली होती, तातडीची स्थगिती मिळाली नाही. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तर तपास यंत्रणाच अर्जदार झाली. मुलीच्या खुनाचा आरोप असलेली आई जामिनावर होती, खटला चालू होता, आणि तिच्यावरची चार भागांची माहितीपट मालिका २३ तारखेला यायची होती. विशेष न्यायालयाने रोखायला नकार दिल्यावर यंत्रणा उच्च न्यायालयात आली. न्यायमूर्तींनी स्वतः मालिका पाहिली, खटल्याला बाधा येईल असं त्यात काही नाही म्हणून २९ फेब्रुवारीला याचिका फेटाळली, आणि त्याच दिवशी ती प्रदर्शित झाली. २००५ मध्ये आरोपी म्हणत होते दाखवू नका, २०२४ मध्ये फिर्यादी पक्ष म्हणत होता दाखवू नका. ही मालिका न्यायमूर्तींनी आधी पाहिली, हे या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत समंजस पाऊल वाटतं, पण ते घडलं कारण कुणीतरी दार ठोठावलं. खेड्यातल्या खटल्यातला साक्षीदार कुठलं दार ठोठावणार?

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. पोलिसांपुढच्या कबुलीची मनाई नव्या पुरावा कायद्यात तशीच राहिली, पीडितेची ओळख उघड करण्याची १९८३ पासूनची बंदीही राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मंजूर केलेली साक्षीदार संरक्षण योजनाही लागू आहे. तिच्यात फोन नंबर बदलून देणं आहे, घराला कॅमेरे बसवणं आहे, बंद दाराआड साक्ष घेणं आहे. त्याच साक्षीदाराची साक्ष व्हायच्या आधी तिचं नाट्यरूपांतर झालं तर काय करायचं, याबद्दल तिच्यात काही नाही.