गेम तासभर खेळतो म्हणजे एडीएचडी नाहीच?

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं अवघड जातं अशी मेंदूच्या वाढीशी संबंधित अवस्था. त्याबद्दल ग्रुपवर फिरणारा मेसेज: "जो मुलगा मोबाईलवर तासभर गेम खेळतो त्याला एडीएचडी नसतो, नुसता आळस असतो." असं वाटणं साहजिक आहे, समोर दिसतंच ना तसं. पण एडीएचडीत लक्ष नसतंच असं नाही, ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं अवघड जातं. गेममध्ये सारखं काहीतरी चमकतं, पॉइंट मिळतात, लक्ष धरून ठेवायचं काम स्क्रीनच करते, पाढे लिहिताना ते पोराला स्वतः करावं लागतं. म्हणून गेमवरून काहीच ठरत नाही, एडीएचडी आहे असंही नाही आणि नाही असंही नाही.

मग बघायचं काय? त्रास घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहे का, ६ महिने तरी चाललाय का, वयाच्या १२ च्या आधीपासून आहे का. क्लासटीचरना विचारा, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो का, कंपास रोज हरवतो का. मुली बऱ्याचदा दंगा न करता हरवल्यासारख्या बसतात, त्यामुळे लक्षातच येत नाही (आणि शहाणी म्हणून कौतुक होतं ते वेगळंच). कान, डोळे, झोप आधी तपासा. निदान रक्ताच्या टेस्टने किंवा स्कॅनने होत नाही, ते मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ सविस्तर बोलून करतात. आणि गेलात की लगेच गोळ्या असंही नाही, ६ वर्षांखालच्यांसाठी सुरुवात पालकांच्या ट्रेनिंगपासूनच होते.