शुगर आणि बोटांच्या बेचक्यातलं कुरूप : दुकानात येण्याआधी एवढं वाचा

"कॉर्न कॅप (कुरुपावर चिकटवायची औषधी पट्टी) आहे का?" असं काउंटरवर रोज कुणीतरी विचारतं. आम्ही ती ठेवत नाही, आणि शुगर असलेल्यांनी दुसरीकडूनही घेऊ नये.

कॅपच्या मधल्या ठिपक्यात साधारण ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड असतं. कुरूप कुठलं नि चांगली कातडी कुठली, हे त्याला कळत नाही. बेचक्यात घामाची ओल, बोटं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे ॲसिड शेजारच्या बोटालाही खातं. शुगरनं पाय बधिर झाले असतील तर आग जाणवत नाही. चौथ्या दिवशी पट्टी काढली की खाली जखम. बिब्बा, रुईचा चीक, चुना यांचंही तेच. ब्लेडनं तासूनही बरेच जण येतात. जखमेवर सेपरेटर, म्हणजे दोन बोटांमध्ये घालायचा सिलिकॉनचा तुकडा, बसवता येत नाही, ती भरेपर्यंत कित्येक आठवडे जातात. औसा, निलंगा, अहमदपूरहून एसटीनं आलेल्या माणसाला तसंच परत पाठवताना जीवावर येतं. म्हणून काही न लावता, न कापता या.

बेचक्यातलं कुरूप बहुधा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात होतं. अरुंद बुटात दोन्ही हाडांची टोकं घासतात, आणि ओलीमुळे ते पांढरं, रबरासारखं राहतं. लोक चिखल्या समजून मलम लावत बसतात. चिखल्या खाजतात, सोलतात, पसरतात. कुरूप एकाच जागी टणक लागतं. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा.

कुरूप काढलं आणि दाब तसाच राहिला, तर ते पुन्हा येणारच. घरी कागदावर उभं राहून पायाची रेघ काढा, त्यावर बूट ठेवा. रेघ बाहेर दिसली तर बूट अरुंद आहे. सगळ्यात लांब बोटापुढे १ सेंमी जागा हवी. सुजलेल्या बोटात रुतणारी जोडवी आणि अंगठ्याची चप्पल यांनीही बेचकं घासतं. बरं होईपर्यंत त्या पायातली जोडवी उतरवून ठेवावीत.

सिलिकॉन सेपरेटर जाड तितका चांगला, हा गैरसमज आहे. जाड घातला की दोन्ही बोटं दाबली जातात. पहिल्या दिवशी तासभरच घाला, काढून बघा. लाली वीस मिनिटांत गेली नाही तर लहान मापाचा घ्यायला या. रात्री काढा, साबणानं धुऊन वाळवा. क्रीम टाचेला लावा, बेचक्यात नको.

आम्ही कुरूप कापत नाही, कितीही आग्रह केला तरी. ते डॉक्टरांचं काम. मोजे काढून दोन्ही पाय बघितल्याशिवाय सेपरेटर किंवा एमसीआरची (मऊ रबराची) चप्पलही देत नाही. पंधरा मिनिटं लागतात, पण त्यात मापाची चूक टळते. माप उभं राहून घेतो, त्याचे पैसे नाहीत.

कुरुपाखाली काळा डाग, पाणी, वास, किंवा बोट लाल, गरम, सुजलेलं दिसलं तर दुकानात येऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एरवी संध्याकाळी या, तेव्हा पाय फुगलेला असतो. सोबत रोजची झिजलेली चप्पल किंवा बूट आणा, नवा जोड नको. दाब कुठं पडतो ते झिजेवरूनच कळतं.