लिनक्स स्मार्टफोन

लिनक्स स्मार्टफोन : संगणकावर वापरली जाते तशीच लिनक्स प्रणाली ज्यावर चालते असा मोबाइल फोन. अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्सचाच कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा गाभा) असतो, पण त्यावरचा सगळा डोलारा गूगलने वेगळा उभारला आहे. संगणकावरच्या लिनक्सची नेहमीची लायब्ररी, विंडो व्यवस्था, सॉफ्टवेअर बसवण्याची पद्धत यांतले तिथे जवळपास काही सापडत नाही. त्यामुळे अँड्रॉइड फोन या नोंदीत धरलेले नाहीत. डेबियन, आल्पाइन, उबुंटू यांसारख्या वितरणांवर (लिनक्सच्या वापरायला तयार रूपांवर) किंवा त्यांच्या जातकुळीतल्या प्रणालींवर चालणारे फोन तेवढे धरले आहेत. असा फोन एकमेव फोन म्हणून वापरता येतो का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर पडद्यावर काय दिसते यावरून फारसे मिळत नाही. ते मोडेम (मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग), बॅटरी आणि इतरांच्या सर्व्हरवर ठरते.

पूर्वपीठिका : ओपनमोको प्रकल्पाचा निओ १९७३ हा फोन २००७ मध्ये आला. तो प्रामुख्याने प्रयोग करणाऱ्यांसाठी होता. नोकियाचा एन९०० (२००९) मात्र खराखुरा वापरण्याजोगा निघाला. सरकता कळफलक, माएमो प्रणाली आणि आयता टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) यांमुळे त्याचे चाहते अजूनही आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने विंडोज फोनची वाट धरली आणि त्याच वर्षी आलेला, मीगो या लिनक्स प्रणालीवरचा एन९ जन्मतःच पोरका झाला. नोकियातून बाहेर पडलेल्या मंडळींनी योला ही कंपनी काढली आणि २०१३ मध्ये सेलफिश प्रणालीसह स्वतःचा फोन आणला. त्याच वर्षी उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने उबुंटू एज या फोनसाठी लोकांकडून ३.२ कोटी डॉलर उभे करण्याची मोहीम काढली. जमले सुमारे १.२८ कोटी, त्यामुळे तो फोन बनलाच नाही. २०१७ मध्ये कॅनॉनिकलने फोनचा नाद सोडला, तेव्हा उबुंटू टच ही प्रणाली यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी उचलली. ती आजही चालू आहे.

दोन वाटा : मोबाइल चिप बनवणारे आपले ड्रायव्हर (हार्डवेअरचा एकेक भाग चालवणारे सॉफ्टवेअर) बहुधा कर्नलच्या एका ठरावीक आवृत्तीसाठी लिहितात आणि पुढे ते तसेच सोडून देतात. लिनक्स फोन बनवणाऱ्यांपुढे म्हणून दोनच पर्याय उरतात. पहिला, हे ड्रायव्हर बाजूला ठेवून मूळ कर्नलमध्येच त्या फोनचा आधार तयार करायचा. पाइन६४ चा पाइनफोन (२०२०), प्युरिझमचा लिब्रेम ५ आणि पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प या वाटेवरचे. पोस्टमार्केटओएस २०१७ मध्ये सुरू झाला तोच एका फोनला दहा वर्षांचे आयुष्य द्यायचे म्हणून. कर्नल कायम ताजा ठेवता येतो, हा या वाटेचा मोठा फायदा. पण कॅमेरा, आवाज, जीपीएस असा एकेक भाग कुणीतरी खटपट करून चालता करावा लागतो.

दुसरा पर्याय म्हणजे अँड्रॉइडचे तेच ड्रायव्हर खाली ठेवून वर लिनक्स बसवायचे. हॅलियम आणि लिबहायब्रिस ही त्यासाठीची साधने. उबुंटू टचचे बहुतेक फोन या प्रकारचे असतात आणि त्यांवर कॅमेरा, बॅटरी यांचे काम बरेच सुरळीत चालते. किंमत एवढीच की कर्नल निर्मात्याने सोडला तिथेच राहतो. फोन जितका निखळ लिनक्स, तितका तो फोन म्हणून अडखळतो, असे आजवरचे चित्र आहे.

येणारा कॉल : संगणक झोपला असताना कुणी त्याला फोन करत नाही. लिनक्सची निद्रावस्था याच गृहीतकावर वाढली आणि रोजच्या वापरातली सर्वांत जुनी दुखरी नस इथेच आहे. पाइनफोन खिशात असताना मुख्य चिप झोपलेली असते, मेमरी तेवढी जागी ठेवलेली असते. मोडेम हा प्रत्यक्षात स्वतःचा प्रोसेसर असलेला वेगळा छोटा संगणकच असतो आणि तो नेटवर्कवर जागा असतो. कॉल आला की तो एका तारेवरून मुख्य चिपला खूण करतो. मग कर्नल उठतो, यूएसबीवर जोडलेला मोडेम पुन्हा ओळखतो, मोडेममॅनेजर ही सेवा कॉलची नोंद घेते, कॉलचे ॲप जागे होते आणि शेवटी घंटी वाजते. यात काही सेकंद जातात आणि पलीकडच्या माणसाच्या कानात तोवर रिंग वाजतच असते. मोडेम या धावपळीत यूएसबीवरून क्षणभर गळून पडला, तर उरतो फक्त मिस्ड कॉल, तोही दिसला तर. यावर उपाय म्हणून फोन झोपूच दिला नाही, तर बॅटरी दिवस काढत नाही. लिब्रेम ५ ला ४,५०० एमएएचची जाडजूड बॅटरी दिली ती उगाच नाही.

दुसरी अडचण व्हीओएलटीईची, म्हणजे फोरजी जाळ्यावरून होणाऱ्या कॉलची. अनेक देशांत टूजी-थ्रीजी जाळी बंद झाली किंवा होत आहेत. तिथे फोरजीवरून कॉल लागला नाही तर कॉलच लागत नाही, आणि आपत्कालीन क्रमांकाचीही शाश्वती राहत नाही. गंमत म्हणजे इथे स्वस्तातला पाइनफोन वरचढ ठरतो, कारण त्याचा मोडेम व्हीओएलटीई स्वतःच सांभाळतो. सेवादात्याची योग्य प्रोफाइल तेवढी निवडलेली हवी. हॅलियमच्या फोनवर मात्र हे काम अँड्रॉइडच्या वरच्या थरातल्या बंदिस्त ॲपकडे असते आणि तो थर तर काढून टाकलेला असतो. उबुंटू टचने निवडक फोनवर यातून मार्ग काढला आहे.

ॲप आणि पडदा : फॉश, प्लाझ्मा मोबाइल आणि लोमिरी हे प्रमुख इंटरफेस आहेत आणि तिन्हींची बोटाने वापरण्याची सवय लवकर होते. ब्राउझर, नकाशे, ईमेल, टेलिग्राम, गाणी यांचे भागते. संगणकासाठी लिहिलेले एखादे जुने ॲप उघडले की मात्र ‘सेव्ह’चे बटण पडद्याच्या बाहेर जाते आणि ते गाठायला फोन आडवा करावा लागतो.

राहिलेली उणीव वेड्रॉइड भरून काढते. हे साधन लिनक्सच्या आतच एका कप्प्यात अँड्रॉइड चालवते. सेलफिशची अँड्रॉइड सोय निराळी आहे. ती ठरावीक फोनवर आणि परवान्यासह मिळते. बहुतेक अँड्रॉइड ॲप अशा कप्प्यात चालतात. अडतात ती बँकेची आणि पेमेंटची. यांतली बरीच ॲप गूगलच्या प्ले इंटेग्रिटी या सेवेला विचारतात, की हे उपकरण प्रमाणित आहे का? वेड्रॉइडचे खरे उत्तर ‘नाही’ असेच आहे. म्हणजे लिनक्सला ते ॲप चालवता येत नाही असे नसून, ॲपलाच तिथे चालायचे नसते. कितीही कोड लिहिला तरी हा दरवाजा आतून बंद आहे, आणि माझ्या मते लिनक्स फोनच्या मार्गातला हाच सर्वांत अवघड अडसर आहे. मोडेमचे दोष आज ना उद्या सुटतील, पण हा निर्णय दुसऱ्यांच्या हातात आहे. बँकेचे संकेतस्थळ ब्राउझरमधून पूर्ण चालत असेल, तर निभावते. व्हॉट्सॲप नुसते ब्राउझरमधून वापरायचे म्हटले, तर मुख्य फोन दुसराच असावा लागतो आणि तो १४ दिवसांतून एकदा तरी वापरावा लागतो.

कॅमेरा : मूळ कर्नलवाल्या फोनवर कामचलाऊ. सेन्सरकडून येणाऱ्या कच्च्या माहितीवर नेहमीचे फोन जी प्रक्रिया करतात, तिचा बराच भाग इथे नसतो. पावती टिपायला पुरे, लग्नसमारंभाला नाही.

जमेची बाजू : कुठलेही खाते न उघडता फोन चालू होतो. बॅकअपसाठी संगणकावरचीच आरसिंक ही आज्ञा चालते, टर्मिनल खरा असतो, आणि पाइनफोनला पडदा, कळफलक जोडले की तो छोटा संगणक होतो. लिब्रेम ५ च्या कडेला तीन यांत्रिक स्विच आहेत. त्यांनी मोडेम, वायफाय-ब्लूटूथ आणि कॅमेरा-माइक यांची वीजच तोडता येते. खासगीपणाचा अर्थ असा शब्दशः घेणारे फोन विरळाच. मात्र खासगीपणा आणि सुरक्षितता यांची गल्लत होऊ नये. ॲपना एकमेकांपासून वेगळे कोंडून ठेवणे आणि सुरू होतानाच प्रणाली तपासणे, या दोन्ही बाबतींत अँड्रॉइड बराच पुढे आहे.

कोणाला जमते : कॉल, संदेश, ब्राउझर, नकाशे एवढ्यावर ज्यांचे भागते, आणि एखाद्या अद्ययावतीकरणानंतर आवाज गेला तर तासभर बसून तो परत आणण्याची ज्यांची तयारी असते, ते असा फोन एकमेव म्हणून वापरतात. फेअरफोन किंवा व्होला फोनवरचे उबुंटू टच, सेलफिश, तसेच डेबियनवर आधारलेला फ्युरीलॅब्सचा एफएलएक्स१ (२०२४) हे या कामी त्यातल्या त्यात सोपे. वनप्लस ६ वर पोस्टमार्केटओएस चपळ चालते, पण तो आधी जोडफोन म्हणूनच घ्यावा. पाइनफोन प्रोचे उत्पादन २०२५ मध्ये थांबल्याने मुद्दाम लिनक्ससाठीच बनवलेल्या फोनची निवड आणखी आक्रसली आहे. जुन्या फोनवर प्रणाली चढवायची असेल, तर त्या फोनचे प्रकल्पाच्या विकीवरचे पान उघडून आधी कॉल, मग व्हीओएलटीई, मग निद्रावस्था या ओळी वाचाव्यात. कॅमेऱ्याची ओळ सगळ्यांत शेवटी.