परांचीचा खर्च कुणाच्या खात्यात?

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत गिलाव्याच्या कलमाला एक शेपूट असतं: परांची बांधणे आणि पाणी मारणे यांसह. म्हणजे परांचीला, उंचावर उभं राहून काम करण्यासाठी बांधलेल्या सांगाड्याला, वेगळा दर नाही. बांबूऐवजी लोखंडी पाइप वापरले, फळीला कठडा दिला, खाली जाळी ताणली, तरी ठेकेदाराच्या हाती चौरस मीटरमागे तेवढेच पैसे पडतात. काम सर्वांत कमी बोलीवाल्याला जातं, त्यामुळे कात्री आधी इथेच लागते. सुरक्षेमागे पैशाचं बळ उभं करण्याचे प्रयत्न शंभर वर्षांपासून चालू आहेत. या शेपटापर्यंत मात्र ते अजून पोहोचलेले नाहीत.

गिरण्यांच्या मुंबईला कारखाना कायदा १८८१ सालीच मिळाला. इमारतीचं काम त्याच्या बाहेर राहिलं. गवंडी-बिगाऱ्यांना अपघाताची भरपाई मागता येऊ लागली ती १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यामुळे. त्याच्या कलम १२ नुसार जखमी मजूर थेट मूळ मालकाला धरू शकत असे. मालकाने मग ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करावी. कागदावर चोख व्यवस्था. साइटवर मात्र बिल्डरखाली मुख्य ठेकेदार, त्याखाली लेबर ठेकेदार, त्याखाली मुकादम आणि तळाशी सकाळी नाक्यावरून उचललेला बिगारी. तो दगावला आणि त्याचं नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नसेल, तर तो तिथे कामाला होता हे शाबीत करण्यातच गावाकडच्या बायकोची वर्षं जातात.

रक्कमही कायद्याच्या तक्त्यावरून ठरते. जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी महिन्याचं वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरलं गेलं. पंचवीस वर्षांचा कामगार दगावला तर निम्मं वेतन गुणिले त्या वयासाठी तक्त्यात दिलेला २१६.९१ हा आकडा, म्हणजे सुमारे १६ लाख २७ हजार. ज्या मालकाने पॉलिसी काढली आहे त्याच्या वतीने हे पैसे विमा कंपनी भरते.

मग १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे आले, एक सेवाशर्ती आणि सुरक्षेचा, दुसरा उपकराचा. बांधकाम खर्चाच्या एक ते दोन टक्के उपकर घेण्याची मुभा होती. दर ठरला एक टक्का. महाराष्ट्राचे नियम व्हायला २००७ उजाडलं आणि हा उपकर कामगारांसाठी खर्च करणारं कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये उभं राहिलं. नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि रोज वेगळ्या मुकादमाकडे राबणाऱ्याला तो कोण देणार?

मंडळ मुलांना शिष्यवृत्ती देतं, सुरक्षा संच वाटतं, कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख देतं. चांगलंच आहे. पण जाळी लावणाराही एक टक्का भरतो आणि न लावणाराही एकच टक्का. शिवाय पैसा पडून राहतो तो वेगळाच. २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं की देशभरात ३७,४०० कोटींहून जास्त उपकर जमला, खर्च झाले जेमतेम ९,५०० कोटी. १९९६च्या कायद्यात सुरक्षा नियम मोडल्याची शिक्षा होती तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टोलेजंग टॉवरच्या हिशेबात दोन हजार म्हणजे साइटवरचा चहा.

परदेशात हा हिशेब वेगळा मांडला गेला. जर्मनीत १८८४च्या अपघात विम्यात धंदा जितका धोक्याचा तितकी मालकाची वर्गणी जास्त, अशी रचना होती. हाँगकाँगने १९९६ मध्ये सरकारी कंत्राटांत सुरक्षेच्या बाबी बोलीतून बाजूला काढल्या. कंत्राटाच्या साधारण दोन टक्के रक्कम राखून ठेवायची आणि सुरक्षेचं काम झाल्याचं तपासून ठेकेदाराला द्यायची. माझ्या मते मुंबईला घेण्याजोगी गोष्ट हीच, कारण तिला नवा कर लागत नाही, टेंडरचा मसुदा बदलला की पुरे.

ऑगस्ट २०२३ मध्ये शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर, म्हणजे पुलाच्या तुळया बसवणारं यंत्र, कोसळून वीस जण गेले. राज्य सरकारने वारसांना प्रत्येकी पाच लाख जाहीर केले. पुन्हा मृत्यूनंतरचेच पैसे. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी दंड वाढवला आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने कामगाराचा जीव गेला तर किमान पाच लाख दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि दंडाचा निम्मा तरी भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. उपकर मात्र आजही बांधकाम खर्चावरच मोजला जातो.